एक मजला म्हणजे तीन मिनिटं

कोल्हापूरच्या अंबाबाईवर लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. दर शनिवारी चहाचा कप घेऊन बसायचं, दोन ओळी लिहायच्या आणि रविवारी संध्याकाळी पुसून टाकायच्या, असं चाललं होतं. देवीबद्दल लिहायचं म्हणजे एकतर पोथी होते नाहीतर भांडण. मला दोन्ही नको होतं.

तर झालं असं की मागच्या महिन्यात दादाचा, म्हणजे माझ्या चुलत भावाचा, फोन आला. आमचं जुनं घर महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात आहे. दुमजली, कौलारू. खाली दोन खोल्या, वर एक, आणि त्यात सहा माणसं. दादाच्या मुलाचं लग्न ठरलंय. कौलं काढून स्लॅब टाकावा, वर एक मजला चढवावा असा त्याचा विचार. म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला हैस. हिशोब करून सांग, मजला चढवला तर आईचं ऊन अडतंय का?"

आईचं ऊन म्हणजे किरणोत्सव. कोल्हापूरकरांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. वर्षातून दोनदा, ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात पोचतं. तेवढ्यापुरते आतले दिवे मालवतात. पहिल्या दिवशी किरणं पायाशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, अशी रीत सांगतात. मग आरती. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं, तर किरणं मध्येच विरतात आणि माणसं हळहळत घरी जातात. मी लहानपणी तीनदा आजीचं बोट धरून उभा राहिलोय. तिन्ही वेळा ऊन गुडघ्याच्या वर गेलं नाही. आजी प्रत्येक वेळी एवढंच म्हणाली, "आज हितवर आलं, उद्या वर जाईल."

याच आजीनं काकांना १९८० च्या सुमारास माडी वाढवू दिली नव्हती. "आईच्या वाटंत भिंत घालायची नाही," एवढं एकच वाक्य. त्यावर घरात वाद झाले, पण माडी झाली नाही. लहानपणी मला हा शुद्ध हट्ट वाटायचा. आता दादानं तोच प्रश्न माझ्या पुढ्यात टाकला. म्हटलं, चला, निदान हिशोब तरी करू. आणि हिशोब करता करता मी देवीच्या कथांमध्ये शिरलो ते अजून बाहेर आलेलो नाही.

पहिली कथा नावाची. कोल्हासुर नावाचा दैत्य इथं माजला होता. देवीनं त्याला मारलं. मरताना त्यानं वर मागितला की या क्षेत्राला माझं नाव राहावं आणि दरवर्षी माझ्या नावानं कोहळ्याचा बळी द्यावा. देवीनं दोन्ही कबूल केलं. (शिलालेखांत 'कोल्लापुर' आणि 'क्षुल्लकपुर' अशी रूपं येतात, त्यामुळे नावाची व्युत्पत्ती अभ्यासक वेगळी लावतात. ते राहू द्या.) गंमत बघा, हरलेल्याचं नाव गावाला आणि जिंकलेलीचं देऊळ गावात. ही तडजोड कुणाच्या तरी डोक्यातून आली असणार आणि ते डोकं शहाणं होतं.

दुसरी कथा त्र्यंबोलीची, म्हणजे आमच्या टेंबलाईची. एका दैत्यानं योगदंडाच्या जोरावर सगळ्या देवांची शेळ्या-मेंढ्यांत रूपं बदलून टाकली. त्र्यंबोलीनं म्हातारीचं सोंग घेऊन तो दंड हातोहात लांबवला आणि देवांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला, आणि त्या गडबडीत त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहून गेलं! ती रुसली आणि गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर पाठ फिरवून बसली. अंबाबाईला चूक कळली. तिनं त्र्यंबोलीला निरोप धाडून बोलावलं नाही, ती स्वतः लवाजमा घेऊन टेकडीवर समजूत काढायला गेली. आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तिथं कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळवायला अशी झुंबड उडते की विचारू नका. हा कोहळा म्हणजे कोल्हासुराला दिलेलं वचन. एकाच दिवशी शत्रूला दिलेला शब्द पाळायचा आणि मैत्रिणीचा रुसवाही काढायचा, असा दुहेरी कार्यक्रम.

तिसरी कथा सगळ्यांना माहीत असलेली. भृगु ऋषीनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली. विष्णूनं उलट त्याचेच पाय चेपले. लक्ष्मीला राग आला, कारण ती छाती तिची राहण्याची जागा. ती वैकुंठ सोडून करवीरला आली. विष्णू तिला शोधत निघाला आणि वेंकटाचलावर थांबला. म्हणून तिरुपतीला जाऊन आल्यावर कोल्हापूरला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं लोक मानतात, आणि नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. कथा तिसरी खरी धरली तर ही विष्णूची बायको. मग मूर्ती काय सांगते? मूर्तीला चार हात. उजवीकडच्या खालच्या हातात म्हाळुंग हे फळ, वरच्यात गदा. डावीकडच्या वरच्या हातात ढाल, खालच्यात पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. मागे सिंह. विष्णुपत्नी लक्ष्मीच्या हातात कमळं असतात आणि शेजारी हत्ती. इथं यातलं काही नाही. हे वर्णन जुळतं ते देवीमाहात्म्याला जोडलेल्या 'प्राधानिक रहस्य' या भागाशी. तिथली महालक्ष्मी कुणाची बायको नाही. ती आद्य शक्ती आहे आणि बाकीचे देव तिच्यातून निघतात. म्हणजे नाव 'महालक्ष्मी' तेच, पण अर्थ दोन. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या गोष्टींना एकच व्हेरिएबल नेम पडलं आणि पुढच्या माणसानं नाव बघून अर्थ लावला. यावरून कोल्हापुरात 'अंबाबाई की महालक्ष्मी' असा वाद वर्षानुवर्षं चाललाय. २०१८ साली राज्य सरकारनं या देवळासाठी कायदा केला, तेव्हा नावात महालक्ष्मी लिहून कंसात अंबाबाई ठेवलं. आता बोला! आमच्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. ती नुसतं 'आई' म्हणायची.

मग इतिहास काय म्हणतो? गाव देवळाहून जुनं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या. त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्रॉंझची मूर्तीसुद्धा होती. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, गेलात तर जरूर बघा. देवीचा जुना आणि अंगावर काटा आणणारा उल्लेख राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या संजान ताम्रपटात आहे. ताम्रपट शके ७९३ चा, म्हणजे इ.स. ८७१ चा. प्रजेवरचं संकट टळावं म्हणून राजानं आपलं डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला कापून वाहिलं, असं त्यात कोरलेलं आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरची असं अभ्यासक मानतात. पुढे कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत 'महालक्ष्मीचा वरप्रसाद मिळालेले' असं अभिमानानं लिहू लागले. आज दिसणाऱ्या काळ्या दगडी देवळाचा मोठा भाग त्यांच्या आणि आसपासच्या काळातला. एका दमात काही झालेलं नाही. दगडाच्या वर शिखरं चढली, पुढे मंडप जोडले गेले, थर बघितले की कळतं.

आणि मग मूर्तीचं जाणं-येणं. धामधुमीच्या काळात मूर्ती देवळातून हलवून एका पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, १७१५ च्या दसऱ्याला, कोल्हापूरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या आज्ञेनं सिधोजी हिंदुराव घोरपडे यांनी तिची पुन्हा स्थापना केली. मला या प्रसंगात सेनापतीपेक्षा तो पुजारी जास्त दिसतो. घरात देवी आहे आणि शेजाऱ्यालाही सांगायचं नाही. रोजची पूजा तर करायची, पण घंटा वाजवायची नाही. त्या काळातही नोव्हेंबरातलं ऊन नेहमीच्या वाटेनं गाभाऱ्याकडे येत असणारच. बघायला मूर्ती नव्हती एवढंच.

असो. आता हिशोब. (गणिताचा कंटाळा असेल त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जावं, पण मजा आहे.)

आपले बहुतेक सण तिथीनं येतात, म्हणजे चंद्राच्या चालीनं. त्यामुळे दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात. किरणोत्सव मात्र इंग्रजी तारखेला. मला आधी वाटायचं, ही देवस्थानाची सोय असेल. तसं नाही. हा उत्सव फक्त सूर्याचा, त्याला तिथीचं बंधनच नाही. २०१५ साली लक्ष्मीपूजन नेमकं ११ नोव्हेंबरला आलं होतं, म्हणजे दोन्ही एकाच संध्याकाळी, पण तो निव्वळ योगायोग. १० नोव्हेंबर हा दक्षिणायन संपण्याआधी साधारण ४२ दिवस, आणि १ फेब्रुवारी नंतर साधारण ४२ दिवस. दोन्ही दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या १७ अंश दक्षिणेला असतो. त्यामुळे कोल्हापुरातून बघितलं तर तो बरोबर पश्चिमेच्या सुमारे १८ अंश डावीकडे, रंकाळ्याच्या अंगाला मावळतो. तीच जागा, तोच कोन. घड्याळ मात्र वेगळं. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला आणि फेब्रुवारीत साडेसहाला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून हा अर्ध्या तासाचा फरक.

सूर्य खाली जातो तसं ऊन वर का चढतं? दाराच्या वरच्या कडेमुळे. सूर्य उंच असताना किरण त्या कडेखालून तिरपा येऊन जमिनीवर पडतो. सूर्य जसा क्षितिजाकडे झुकतो तसा किरण आडवा होत जातो आणि गाभाऱ्यात वर वर सरकतो. आधी पाय, मग कंबर, मग चेहरा. चार-पाच मिनिटांचा खेळ. आजी म्हणायची, सूर्यनारायण आधी पाया पडतो आणि मग तोंड बघतो. भूमिती तेच म्हणते, शब्द वेगळे.

इथं एक कबूल करायला हवं. पश्चिमेला तोंड असलेलं कुठलंही देऊळ घ्या, त्याचा रोख सूर्य जिथं जिथं मावळतो त्या टप्प्यात असेल तर वर्षातून दोनदा ऊन आत येणारच. सूर्य एकदा दक्षिणेकडे जाताना त्या रेषेवरून जातो, एकदा परत येताना. त्यामुळे 'पूर्वजांचं अचाट विज्ञान' वगैरे फॉरवर्ड वाचून मी फार भारावत नाही. दिशा नेमकी साधायला गणितापेक्षा धीर जास्त लागतो. कुणीतरी संध्याकाळी उभं राहून सूर्याकडे बघत राहायला हवं, झालं. अचाट गोष्ट दुसरीच आहे. भरवस्तीत, बाजारपेठेत, जिथं इंचाइंचावरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो, तिथून ही उन्हाची वाट आजवर जिवंत राहिली. देवळाच्या आतलं काम कारागिरांनी केलं. बाहेरचं काम मात्र त्या रेषेवरच्या घरांनी केलंय, बऱ्याचदा काहीच न बांधून. अलीकडे अडथळे मोजले गेले, काही काढलेही. पण मोजणी यायच्या कितीतरी आधी 'आईच्या वाटंत भिंत नको' हे वाक्य होतं, आणि आमच्या घरात तरी तोच बांधकामाचा नियम होता.

तर दादाच्या मजल्याचं काय? आमचं घर मूर्तीपासून सुमारे २५० मीटरवर. एक मजला म्हणजे ३ मीटर. २५० मीटरवरचे ३ मीटर म्हणजे ०.७ अंश. आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य मिनिटाला साधारण ०.२३ अंश खाली उतरतो. भागाकार केला. उत्तर आलं तीन मिनिटं.

दोनदा तपासलं. एक मजला म्हणजे तीन मिनिटं. बारा महिन्यांतल्या सहा संध्याकाळी, तीन-तीन मिनिटं. ऐकायला काहीच नाही. पण जी तीन मिनिटं जातात ती शेवटची, म्हणजे ऊन कमरेपासून चेहऱ्यापर्यंत चढतं तीच. आणि रुंदीचा हिशोब तर आणखी वाईट निघाला. त्या दिवसांत मावळतीची जागा रोज फक्त ०.३ अंश सरकते. २५० मीटरवर ते होतात सव्वा मीटर. आमच्या घराची रुंदी वीस फूट, म्हणजे सहा मीटर. आमचं एकटं घर चार-साडेचार दिवसांचा सूर्य झाकू शकतं. अख्खा उत्सव!

कागदावर हे बघून मला बरं वाटायला हवं होतं, आजी बरोबर होती म्हणून. तसं वाटलं नाही. डोळ्यासमोर दादाच्या तीन खोल्या आल्या. मी पुण्यात तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बसून त्याला सांगणार की बाबा रे, तीन मिनिटांसाठी पोराचा संसार स्वयंपाकघरात मांड. परंपरेचं कौतुक आपण करतो, तिची किंमत मात्र त्या रेषेवर राहणारा भरतो. बोटं कापून देणाऱ्या राजाचा ताम्रपट निघतो. माडी न बांधणाऱ्याचा कुठं निघतो?

म्हणून रविवारी परत बसलो. या वेळी उलटा प्रश्न घातला, कुठं बांधलं तर चालेल? उत्तर सरळ होतं. उन्हाची पट्टी अरुंद आहे. घराच्या उत्तरेला जुन्या गोठ्याची रिकामी जागा आहे, ती पट्टीच्या बाहेर पडते. तिथं दोन खोल्या खाली, दोन वर सहज होतील आणि किरणाला धक्का लागणार नाही. महापालिकेची परवानगी वगैरे लागेलच, ते वेगळं.

अडचण एकच. वाटणीत गोठ्याची जागा आत्याच्या वाट्याला गेलीय. आणि वाटणीच्या वेळच्या एका जेवणाला आत्याला बोलवायचं राहून गेलं होतं. कुणाची चूक ते आता कुणालाच आठवत नाही. तेव्हापासून अकरा वर्षं आत्या राजारामपुरीत आणि आमच्याशी बोलणं बंद.

दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीन मिनिटं?"

"तीनच."

"आजीला न मोजताच कळलं हुतं म्हणायचं." परत गप्प. मग हसला. "म्हणजे पालखी घेऊन आत्याकडं आता मीच जायचं."

"कोहळा घेऊन जा," म्हटलं.

आत्या दार उघडेल की नाही, जागा देईल की नाही, खोल्या होतील की नाही, काही सांगता येत नाही. पण ललिता पंचमीच्या आत जाऊन येतो म्हणालाय. आणि ९ नोव्हेंबरची माझी सुट्टी मी टाकून ठेवलीय. या वेळी देवळात आधी नाही जाणार, आधी घराच्या कौलांवर चढून बघणार, ऊन आमच्या डोक्यावरून कसं जातं ते.